ट्विन लीड बसवायची कशी? बेळगाव, खानापूर, निपाणीच्या गिटारवाल्यांसाठी

बँडमध्ये दोन गिटारवाले असले की आपल्याकडे वाटणी लगेच होते. ज्याचा हात वेगानं चालतो तो लीड, उरलेला रिदम. उरलेला बिचारा वर्षानुवर्षं पॉवर कॉर्ड दाबत बसतो आणि एक दिवस पुण्याला नाहीतर बेंगळुरूला नोकरी लागली म्हणून निघून जातो. कुणाला त्याची फारशी उणीवही भासत नाही, कारण तो काय वाजवत होता हे कुणी नीट ऐकलेलंच नसतं.

ट्विन लीडमध्ये ही वाटणीच नाही. दोघंही लीड. एकच चाल दोघांनी एकाच वेळी, वेगवेगळ्या सुरांत वाजवायची, म्हणजे हार्मनी, नाहीतर सोलो वाटून घेऊन एकमेकांना उत्तरं द्यायची. रॉक आणि हेवी मेटलमध्ये पन्नास वर्षांहून अधिक काळ हे चाललंय, आणि बेळगावातल्या कॉलेज फेस्टमध्येही आयर्न मेडनचं गाणं लागलं की पोरं तोंडानं दोन्ही गिटारी म्हणतात. मग स्टेजवर तेच गाणं वाजवताना दुसरी गिटार गप्प का असते?

बहुतेकांना वाटतं, हार्मनीचे सूर अवघड असतात म्हणून. सूर शोधणं अर्ध्या तासाचं काम आहे, खाली दाखवतोच. महिने लागतात ते दोन हात एकाच क्षणी, एकाच जोरानं तारेवर पडायला. म्हणून या लेखात हार्मनी बरीच उशिरा येते. मधल्या पायऱ्या गाळून थेट तिथं उडी मारू नका.

आधी कान तयार करा

हेडफोन घाला आणि डावी-उजवी बाजू वेगळी ऐका. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये दोन गिटारी बऱ्याचदा दोन कानांत वाटलेल्या असतात. एका वेळी एकच गिटार गुणगुणायची. दुसऱ्या फेरीत दुसरी. दोन्ही वेगळ्या गुणगुणता आल्याशिवाय गिटारला हात लावू नका.

सुरुवात विशबोन अ‍ॅशपासून करावी. या इंग्लिश बँडला खरं तर एकच गिटारवाला हवा होता. चाचणीत अँडी पॉवेल आणि टेड टर्नर शेवटपर्यंत उरले, निवड होईना, म्हणून दोघांनाही घेतलं. त्यांचा १९७२ चा ‘आर्गस’ हा अल्बम म्हणजे ट्विन लीडची बाराखडी. वेग कमी, आवाज स्वच्छ, त्यामुळे नवशिक्याला दोन्ही सूर सुटे ऐकू येतात.

तिकडे अमेरिकेत ऑलमन ब्रदर्स बँड. ड्वेन ऑलमनचा हात ब्लूजचा आणि स्लाइडचा, डिकी बेट्सचं वळण कंट्री आणि वेस्टर्न स्विंगचं. बेट्सची भिस्त मेजर पेंटाटॉनिकवर, म्हणजे आपल्या भूपाच्या पाच सुरांवर, त्यामुळे त्याच्या चाली आपल्या कानाला लगेच ओळखीच्या वाटतात. न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्टमधलं त्यांचं १९७१ चं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐका. चाल दोघं मिळून हार्मनीत मांडतात, मग एकेक जण आपला विस्तार करतो, आणि पुन्हा चालीवर एकत्र येतात. ख्यालाची बंदिश ज्यांनी ऐकलीय त्यांना ही रचना समजावून सांगावी लागत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ड्वेन मोटरसायकल अपघातात गेला, वय २४. म्हणजे या जोडीचा काळ फार थोडा होता.

थिन लिझी हा डब्लिनचा बँड. १९७४ मध्ये त्यात दोन नवे गिटारवाले एकदमच आले, अमेरिकेचा स्कॉट गोरम आणि स्कॉटलंडचा ब्रायन रॉबर्टसन. १९७६ च्या ‘जेलब्रेक’पर्यंत त्यांची हार्मनी इतकी घट्ट झाली होती की ती गाण्याच्या शब्दांइतकीच लक्षात राहते. माझ्या मते शिकायला सगळ्यांत उपयोगी जोडी हीच. त्यांच्या हार्मनी छोट्या असतात, चार-आठ मात्रांच्या, आणि गाण्यात बरोबर जागेवर बसतात.

मग ज्युडास प्रीस्ट. के. के. डाउनिंगच्या जोडीला १९७४ मध्ये ग्लेन टिप्टन आला. यांची खरी गंमत सोलो वाटून घेण्यात आहे, पण १९८२ च्या ‘स्क्रीमिंग फॉर व्हेंजन्स’ची सुरुवातच हार्मनीनं होते, तीही ऐका. आणि अर्थात आयर्न मेडन. डेव्ह मरी आणि एड्रियन स्मिथ हे लंडनमधले लहानपणापासूनचे दोस्त. स्मिथ १९८० मध्ये बँडमध्ये आला, १९९० मध्ये बाहेर पडला, १९९९ मध्ये परतला. मधल्या काळात आलेल्या यानिक गर्सला काढलं नाही, म्हणून तेव्हापासून मेडनमध्ये तीन गिटारी आहेत. मार्च २००७ मध्ये हा बँड बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर वाजला आणि कर्नाटकातल्या मेटलवाल्यांची एक अख्खी पिढी त्या रात्रीच्या गोष्टी अजून सांगते. बेंगळुरूचाच क्रिप्टॉस हा बँड १९९८ पासून जुन्या ब्रिटिश धाटणीचं, दोन गिटारींचं मेटल वाजवतोय. ही कला आपल्याच राज्यात, एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर जिवंत आहे, हे ध्यानात ठेवा.

ईगल्सच्या १९७६ च्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ची ती प्रसिद्ध शेवटची मिनिटं सगळ्यांना माहीत असतात, त्यावर पुढं येतो.

जोडीदार कसा निवडायचा

आपल्यासारखाच वाजवणारा शोधू नका. वरच्या जोड्यांत दोघांचे हात बहुतेक वेगळेच आहेत. मरीचा डावा हात गुळगुळीत, बरेचसे सूर हॅमर-ऑन, पुल-ऑफनं, म्हणजे पिक न मारता डाव्या बोटानं तार ठोकून किंवा ओढून काढणारा. स्मिथ प्रत्येक वाक्य तोलून ठेवणारा. वेगळेपण चालतं, किंबहुना त्यानंच रंग येतो. सारखी लागते ती लय. दोघांनी एकाच रिफवर (पुन्हापुन्हा येणारा छोटा तुकडा) दोन मिनिटं न थांबता वाजवायचं आणि फोनवर रेकॉर्ड करायचं. ऐकताना एक जण सतत पुढं पळत असेल आणि दुसरा सतत मागं रेलत असेल, तर पुढं त्रास आहे. ‘अरे, पुढं पळूलास की!’ हे वाक्य दर तालमीत ऐकायची तयारी ठेवा. ते ऐकून रुसणारा माणूस कितीही वेगवान असला तरी या कामाचा नाही.

भाषेची अडचण येत नाही. आमच्या भागात एकाच बँडमध्ये मराठी, कन्नड, कोकणी बोलणारे सर्रास असतात. मोजणी ड्रमरच्या काठीनं होते, मग तो तोंडानं एक-दोन-तीन-चार म्हणो नाहीतर ओंदु-एरडु-मूरु-नाल्कु.

दोन गिटारी एका पातळीवर

हे कंटाळवाणं काम आहे, पण एकदा करून टाका.

दोघांनी एकाच जाडीचा तारांचा संच लावा. ९–४२ किंवा १०–४६, जे ठरेल ते, पण दोघांचं एकच. जाडी वेगळी असली की तार खेचायला लागणारा जोर वेगळा पडतो आणि बेंड, म्हणजे तार खेचून चढवलेला सूर, कधीच एकत्र पोचत नाही. तारा एकाच आठवड्यात बदला. नवी तार चमकदार वाजते, जुनी मंद, आणि हार्मनीत हा फरक लपत नाही.

मग इंटोनेशन, म्हणजे नेकवर सगळीकडे सूर खरा लागतो का ते. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबून काढलेला सूर ट्यूनरवर तंतोतंत जुळला पाहिजे. दाबलेला सूर चढा आला तर ब्रिजवरचं सॅडल मागं, म्हणजे नेकपासून दूर सरकवायचं. उतरलेला आला तर पुढं. स्क्रू ड्रायव्हर आणि ट्यूनर एवढंच लागतं. एकेकट्यानं वाजवताना न जाणवणारी चूक ट्विन लीडमध्ये बाराव्या फ्रेटच्या पुढं लगेच बोंब मारते.

खानापूर तालुका, आणि तसं बेळगाव शहरही, पावसाळ्यात महिनेच्या महिने ओलं असतं. लाकूड ओल शोषतं, नेकचा बाक बदलतो, तारांची उंची बदलते. जूनमध्ये नीट केलेली गिटार ऑगस्टमध्ये, म्हणजे नेमकी गणपतीच्या कार्यक्रमांच्या तोंडावर, पुन्हा तपासावी लागते. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका, वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसा, आणि गिटार बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

आधी एकसूर

आता मुख्य काम. एक साधी चाल घ्या. ई मायनरमध्ये ही आठ सुरांची चालते:

ई – एफ शार्प – जी – बी – ए – जी – एफ शार्प – ई

दोघांनीही ती दुसऱ्या तारेवर, म्हणजे बारीक बाजूनं दुसऱ्या बी तारेवर वाजवायची. फ्रेट: ५, ७, ८, १२, १०, ८, ७, ५. मेट्रोनोम ६० वर, एका ठोक्याला एक सूर.

हार्मनी नाही. दोघंही तेच सूर, त्याच तारेवर, त्याच फ्रेटवर. ऐकायला एक गिटार वाटली पाहिजे. पहिल्यांदा वाटणार नाही. प्रत्येक सुराच्या सुरुवातीला ‘ट-टक्’ असा दुहेरी आवाज येईल. तो मिटेपर्यंत पुढं जायचं नाही. मिटला की एका ठोक्याला दोन सूर, मग मेट्रोनोम चार-चारनं वाढवत १२० पर्यंत.

यात तीन गोष्टी कागदावर लिहून ठरवा. कुठला सूर पिकनं, कुठला हॅमर-ऑननं. पिक खाली की वर. आणि सूर किती वेळ धरायचा. तिसरी गोष्ट सगळे विसरतात. दोघं एकत्र सुरू करतात, पण एक जण आधी सोडतो आणि दुसरा लोंबकळत राहतो. सूर बंद करणं हेही ठोक्यावरच व्हायला हवं.

दोघांचं रेकॉर्डिंग एकाच फोनवर, दोघांच्या मधोमध ठेवून करा, आणि दुसऱ्या दिवशी ऐका. त्याच दिवशी ऐकलं तर दोष दिसत नाहीत, वाजवल्याची धुंदी असते.

साग, रेम, गप

ज्यांनी लहानपणी हार्मोनियमवर पलटे घोटलेत त्यांना हार्मनी येतेच, फक्त तसं कुणी सांगितलेलं नसतं. ‘साग, रेम, गप, मध, पनि, धसां’ हा पलटा आठवा. प्रत्येक जोडीतला पहिला सूर एका गिटारीनं घ्यायचा, दुसरा दुसरीनं, आणि दोन्ही एकाच वेळी वाजवायचे. पाश्चात्त्य संगीतात याला थर्ड म्हणतात. ट्विन लीडचा मोठा भाग या एका पलट्यावर उभा आहे.

ई मायनरमध्ये ई हा सा धरा. ग, ध, नि कोमल, म्हणजे आसावरी थाटाचे सूर. वरची चाल सरगमात सा रे ग प म ग रे सा अशी होते. तिच्यावर थर्ड: ग म प नि ध प म ग. गिटारच्या भाषेत जी, ए, बी, डी, सी, बी, ए, जी.

दुसऱ्या गिटारवाल्यानं हे पहिल्या तारेवर ३, ५, ७, १०, ८, ७, ५, ३ असं वाजवता येतं. पण मी सांगेन, त्यानंही दुसरीच तार घ्यावी: ८, १०, १२, १५, १३, १२, १०, ८. एकाच जाडीच्या तारेवरून दोन्ही सूर आले की आवाजाचा पोत जुळतो.

इथं एक गोष्ट नीट पाहा. सा ते कोमल ग हे अंतर तीन फ्रेटचं. रे ते म तीन. पण कोमल ग ते प चार. म ते कोमल ध तीन, प ते कोमल नि तीन, कोमल ध ते वरचा सा चार, कोमल नि ते वरचा रे चार. म्हणजे अंतर सारखं राहत नाही, रागाप्रमाणे बदलतं. म्हणूनच ‘मी तुझ्यापेक्षा तीन फ्रेट वर वाजवतो’ हा हिशेब चालत नाही. सात सुरांपैकी तीन ठिकाणी तो चुकतो. साधं पिच शिफ्टर पेडल (सूर ठरलेल्या अंतरानं वर-खाली करणारं) घेऊन एकट्यानंच ट्विन लीड करू पाहणाऱ्यांची गाडी इथंच अडते. ज्या पेडलमध्ये आधी स्केल सांगता येतं, त्यांचं गणित बरोबर येतं, पण दुसऱ्या माणसाच्या हाताची चव त्यात नसते.

दोन गिटारीच का, एकीवरच दोन तारा एकत्र का नाही वाजवायच्या? कारण डिस्टॉर्शन. एकाच अ‍ॅम्पच्या फाटलेल्या आवाजातून दोन सूर एकदम गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे भलतेच सूर तयार होतात आणि थर्ड गढूळ होतो. दोन वेगळ्या अ‍ॅम्पमधून एकेक सूर गेला की प्रत्येक स्वच्छ राहतो आणि मिलाफ हवेत होतो. क्लीन आवाजात एकच माणूस काम भागवेल. मेटलमध्ये दोन माणसं लागतातच.

वर की खाली

ऐकणाऱ्याचा कान वरचा सूर पकडतो. गाण्याची मूळ चाल पहिल्या गिटारीवर आणि हार्मनी तिच्या वर असेल, तर प्रेक्षक हार्मनीलाच चाल समजून बसतील. कधी तसंच हवं असतं. नको असेल तर दोन उपाय: वरच्या गिटारचा आवाज थोडा कमी करा, किंवा हार्मनी खाली न्या. खालचा थर्ड म्हणजे सा ला मंद्र कोमल ध, रे ला कोमल नि, कोमल ग ला सा. रंग लगेच बदलतो. ई मायनरच्या कॉर्डवर ई च्या खाली सी आला की ती कॉर्ड सी मेजर सेव्हन्थसारखी वाटू लागते, जरा ओली, जरा दूरची. सुरुवातीला वरची शिका, मग खालची करून पाहा आणि गाण्याला जी शोभेल ती ठेवा.

कॉर्ड आडवी आली तर

थर्ड लावून चाल बसवली, बास आणि ड्रम सुरू झाले, आणि एका ठिकाणी कानाला खुपलं. हे होणारच. कारण बहुतेक वेळा खाली चाललेली कॉर्ड असते.

समजा खाली सी मेजर आहे, म्हणजे सी, ई, जी हे सूर. चालीत जी आला तर त्याचा थर्ड बी. बी या कॉर्डमध्ये नाही आणि सी ला तो अगदी खेटून आहे. क्षणभर जात असेल तर चालेल, पण लांब धरला तर टोचतो. तिथं थर्ड सोडून फोर्थ घ्या, जी वर सी. एका सुरापुरतं अंतर बदललं, पुढच्या सुराला पुन्हा थर्डवर या. चांगल्या जोड्यांच्या हार्मनी बारकाईनं ऐकल्या तर जागोजाग असे फोर्थ सापडतील. नियम एवढाच: लांब थांबायचा सूर कॉर्डमधला असावा, चालता सूर थर्ड असला तरी पुरे.

दुसरी नेहमीची जागा बी मेजर. ई मायनरमध्ये वाक्य संपवताना ही कॉर्ड येते आणि तिच्यात डी शार्प असतो, म्हणजे शुद्ध नि. हार्मनीवाल्यानं तिथं कोमल नि वाजवला तर सरळ सरळ भांडण. त्या मात्रेपुरता शुद्ध नि घ्या. कोमल ग, कोमल ध आणि शुद्ध नि हे एकत्र आले की कीरवाणी झाला. कर्नाटक संगीतातल्या ७२ मेळांत २१ वा. मेटलमध्ये तो किती ठिकाणी ऐकू येतो, हे एकदा कान लागला की मोजावंसं वाटतं.

ईगल्सच्या त्या शेवटच्या भागात डॉन फेल्डर आणि जो वॉल्श हेच वेगळ्या पद्धतीनं करतात. बी मायनर, एफ शार्प, ए, ई, जी, डी, ई मायनर, एफ शार्प अशा आठ कॉर्डवर प्रत्येक जण त्या त्या कॉर्डचेच सूर तोडून वाजवतो. कॉर्ड बदलली की दोघंही बदलतात. तिथं भांडणाला जागाच नाही. थर्डनं गोंधळ होत असेल तर काही दिवस ही पद्धत वाजवा. कॉर्ड ओळखण्याची सवय आपोआप लागते.

बेंड, व्हायब्रॅटो आणि तंबोऱ्याचा कान

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

ए मायनरमध्ये पहिल्या गिटारनं जी ची तार खेचून ए वर नेली, म्हणजे पूर्ण टोन, दोन फ्रेटांचं अंतर. दुसऱ्याची हार्मनी बी पासून सी पर्यंत, म्हणजे अर्धाच टोन. एकाला तार दुप्पट खेचायची आणि दुसऱ्याला निम्मी, तरी दोघांनी एकाच क्षणी पोचायचं. हे डोळ्यांनी बघून जमत नाही. आधी दोघांनी पोचायचा सूर बेंड न करता, नुसता फ्रेट दाबून वाजवावा आणि कानात बसवावा. मग बेंड करून तिथं यावं. हळू खेचायचं की झटक्यात, हेही ठरवा.

व्हायब्रॅटो, म्हणजे धरलेला सूर हलवणं, दोघांनी आपापल्या मर्जीनं केला की लांब सूर थरथरत फाटतो. साधा करार करा: पहिली मात्रा दोघंही सूर सरळ धरणार, दुसऱ्या मात्रेपासून व्हायब्रॅटो, तोही ठोक्याच्या दुप्पट गतीनं. नाहीतर खालच्यानं सूर अजिबात हलवायचा नाही, वरच्यानंच हलवायचा.

ज्यांचा कान तंबोऱ्यावर घडलाय त्यांना मात्र एक वेगळाच त्रास होतो. गिटारचे फ्रेट समान अंतराच्या स्वरपद्धतीवर बसवलेले असतात. अर्ध्या टोनचे १०० भाग केले तर त्या प्रत्येकाला सेंट म्हणतात. तंबोऱ्यातून उमटणारा शुद्ध गंधार षड्जापासून सुमारे ३८६ सेंटवर असतो, गिटारचा ४०० वर. म्हणजे गिटारचा गंधार १४ सेंट चढा. कोमल गंधार उलट, नैसर्गिक ३१६ च्या जागी ३०० वर, म्हणजे उतरलेला. कुमार गंधर्वांच्या सुळेभावीपासून मिरजेच्या तंबोरा-सतार बनवणाऱ्यांपर्यंत पसरलेल्या या पट्ट्यात असा कान असलेली माणसं कमी नाहीत, आणि ती म्हणतात, ‘थर्ड लागतच नाही नीट.’ त्यांचं चूक नाही. लांब धरलेल्या सुरावर इलाजही आहे. अंतर तीन फ्रेटचं असेल तर वरच्यानं तार किंचित, अगदी जाणवेल न जाणवेल इतकी खेचावी. चार फ्रेटचं असेल तर वरच्याला खाली येता येत नाही, म्हणून खालच्यानं किंचित चढावं. ट्यूनरकडे बघू नका. दोन सुरांमधली थरथर थांबली की तिथंच धरा. जलद चालीत याच्या नादी लागू नये, तिथं कुणालाही कळत नाही.

सवाल-जवाब

प्रीस्टची पद्धत बसवायला सोपी, निभवायला अवघड. चार-चार मात्रांचे तुकडे पाडा, नंतर आठ-आठ. अट एकच: दुसऱ्यानं पहिल्याच्या शेवटच्या दोन-तीन सुरांतून आपलं वाक्य सुरू करायचं. जुगलबंदी ऐकत वाढलेल्यांना हे सांगावं लागू नये, पण गिटार हातात आली की तेच लोक एकमेकांकडे न बघता आपापले ठेवणीतले लिक्स ओततात. एकाचा तुकडा वेगवान झाला तर दुसऱ्यानं मुद्दाम हळू, मोकळा वाजवून बघावा. आणि शेवटच्या दोन मात्रा दोघांनी हार्मनीत मिळायचं, म्हणजे ऐकणाऱ्याला दोघांचं भांडण मिटल्यासारखं वाटतं.

खाली उरतं काय

दोघंही वर गेले की रिदम गिटार नाही. रेकॉर्डवर ती जागा वेगळी रिदम गिटार वाजवून भरता येते. स्टेजवर एकदम पोकळी पडते. ती बासवाल्यानं भरायची. त्याला आधी सांगा की हार्मनीच्या मात्रांत शोभेच्या उड्या नकोत, कॉर्डचा मूळ सूर ठाशीव आणि थोडा जास्त आवाजात. लिझीत फिल लिनॉट आणि मेडनमध्ये स्टीव्ह हॅरिस हे दोघंही बासवालेच बँडचे म्होरके होते, हा योगायोग वाटत नाही मला.

अ‍ॅम्प, पेंडॉल आणि साउंडवाला

गेन, म्हणजे डिस्टॉर्शनचं प्रमाण, कमी ठेवा. एकट्यानं वाजवताना छान वाटतो त्याच्या दोन-तृतीयांश. दोन गिटारींचा मिळून आवाज तसाही जाड होतो. मिड, म्हणजे आवाजाचा मधला पट्टा, दोघांनी वाटून घ्या: एकाचा जोर ८०० हर्ट्झच्या आसपास, दुसऱ्याचा दीड-दोन किलोहर्ट्झवर. डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) वापरणार असाल तर दोघांचा एकच वेळ. ६०,००० ला गाण्याच्या लयीनं भागा, म्हणजे एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतात. लय १२० असेल तर ५००.

हेडफोनमध्ये ऐकलेली डावी-उजवी गंमत गणेशोत्सवाच्या मांडवात मिळणार नाही. तिथली स्पीकरची रांग बहुधा मोनो असते, दोन्ही बाजूंना तेच वाजतं. म्हणून वरची मिडची वाटणी महत्त्वाची. साउंडवाल्याला गाणी सुरू व्हायच्या आधी गाठा आणि स्पष्ट सांगा की दोन्ही गिटारी लीड आहेत. नाहीतर सवयीप्रमाणे तो एकीला वर चढवतो, दुसरीला पुसून टाकतो, आणि प्रेक्षकांना तुमच्या हार्मनीची अर्धीच बाजू ऐकू जाते. शक्य असेल तर साउंड चेकला पूर्ण गाणं नको, तोच आठ मात्रांचा हार्मनीचा तुकडा वाजवा आणि बँडमधल्या कुणाला तरी मांडवाच्या मागं उभं करा.

स्टेजवर एकमेकांजवळ उभे राहा. फोटोला बरं दिसतं म्हणून नव्हे. आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात. दोघं दहा मीटरवर उभे राहिलात तर एकाला दुसरा जवळपास ३० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो, आणि एकसुराच्या पायरीवर मोठ्या कष्टानं घालवलेला तो ‘ट-टक्’ परत येतो. मॉनिटर एकच असेल तर त्यात दोन्ही गिटारी मागा. दोन असतील तर माझ्या मॉनिटरमध्ये तुझी गिटार, तुझ्यात माझी.

जोडीदार गावात नसेल तर

आमच्याकडची ही नेहमीची गोष्ट. एक खानापुरात, दुसरा पुण्यात. इंटरनेटवरून एकत्र वाजवायचा नाद सोडा. आवाज पोचायला लागणारा वेळ हार्मनीला परवडत नाही. त्यापेक्षा एकानं क्लिकवर आपला भाग रेकॉर्ड करावा, लय आणि कॉर्ड लिहून द्याव्यात, आणि फाइल पाठवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून, नाहीतर आवाज दाबला जातो. सुरुवातीला चार क्लिक रिकामे सोडा. दुसऱ्यानं ती एका कानात ठेवून आपला भाग वाजवावा, रेकॉर्ड करावा, परत पाठवावा. दोन्ही ट्रॅक एकमेकांवर ठेवून मोठे करून पाहिले की कोण कुठं मागं पडतोय ते डोळ्यांनाच दिसतं. समोरासमोरच्या तालमीत इतकं नेमकं कधी कळत नाही, त्यामुळे गावात एकत्र असणाऱ्यांनीही हे अधूनमधून करावं.

मग चतुर्थीच्या सुट्टीत दोघं भेटलात की नवं गाणं काढत बसू नका. आधी तीच आठ सुरांची चाल, एकसुरात, ६० च्या लयीवर. ती जुळली तर हार्मनी लावा. नाही जुळली तर त्या दिवशी तेवढंच.